मागितला तर मिळणारा दाखला

कोल्हापूरच्या कुठल्याही बऱ्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात जा. तिथून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, हीट नंबर असतो. तो नंबर घेऊन क्वालिटीच्या टेबलाशी गेलं की फाईल उघडते. धातू कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत वितळला, कार्बन किती होता, सिलिकॉन किती, ओतताना तापमान काय होतं, त्या दिवशी वाळूत ओल किती होती, सगळं मिळतं. वाहन कंपन्यांना माल द्यायचा तर बहुतेक ठिकाणी आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकाचं प्रमाणपत्र मागतात आणि त्यात ही साखळी मध्येच तुटलेली चालत नाही. उद्या दूर कुठंतरी एखादा ब्रेक ड्रम तडकला, तर तो कुठल्या भट्टीतला हे इथल्या शिरोली औद्योगिक वसाहतीत बसून सांगता आलं पाहिजे.

आणि ज्यानं तो ओतला, तो माणूस? तो तिथं किती वर्षं होता, आधी काय करत होता, त्याला काय काय येतं, हे सांगणारा एक कागद त्याच्या घरात सापडत नाही. साठीला टेकलेल्या मोल्डरला, म्हणजे साचे करणाऱ्याला म्हणा, तुमच्या कामाचा इतिहास सांगा. तो ठेकेदारांची नावं आठवत बसतो आणि साल काढतो ते थोरलीच्या लग्नावरून किंवा पंचगंगेच्या एखाद्या महापुरावरून.

माझं म्हणणं असं की काम सोडताना प्रत्येक माणसाला, तो कायम असो, ठेकेदाराचा असो की रोजंदारीवरचा, त्यानं काय काम केलं याचा दाखला मिळायला हवा. तोही न मागता. पूर्वी असा कागद नसला तरी भागत होतं. आता भागत नाही.

मी कळंब्याच्या आयटीआयतून टर्नर होऊन ऐंशीच्या दशकात उद्यमनगरात, कोल्हापूरच्या जुन्या कारखानदारी भागात आलो. तेव्हा अर्ज वगैरे कुणी लिहीत नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीनं शेडात जायचं. मेस्त्री एक जॉब हातात द्यायचे, "कर बघू हे." तासाभरानं येऊन व्हर्नियर लावायचे, जॉब उजेडाकडं धरून बघायचे आणि मालकाकडं बघून मान हलवायचे. झाली मुलाखत. पुढं दुसऱ्या शेडात गेलं की एकच प्रश्न यायचा, "कुणाच्या हाताखाली होतास?" नाव सांगितलं की पुरे. त्या नावात सगळं आलं: किती शिकला असेल, माल किती खराब करत असेल, सोमवारी दांडी मारतो की नाही.

या गावाला ही रीत जुनी आहे. उद्यमनगरचा विषय निघाला की म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं आजही आदरानं घेतली जातात. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतःच्या हिकमतीनं उभा केला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी 1929 साली सोबत्यांना घेऊन प्रभात काढली. यातलं कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात गेलं नव्हतं. शांताराम तर त्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात खपले होते. गावानं त्यांना ओळखलं ते हाताच्या कामावरून.

या आठवणींनी गळा काढणारे आमच्या पिढीत बरेच आहेत. मी त्यातला नाही, कारण मेस्त्रींची मान सगळ्यांसाठी सारखी हलत नव्हती. भावकीतला, गल्लीतला, तालमीतला पोरगा लवकर आत जायचा आणि लेथवर उभा राहायचा. ज्याचं कुणी नव्हतं तो फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला जायचा, धूळ खायला. मागासवर्गीय वस्तीतल्या पोरांच्या वाट्याला भट्टीपुढची कामं यायची आणि त्यांना यंत्राला हात लावायला मिळेपर्यंत वर्षं जायची. बाईच्या हातात जॉब देऊन बघावं असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला सरकारी नोकरीत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो याच संस्थानात. पण तो दरबारच्या नोकऱ्यांपुरता होता. शेडातली भरती ओळखीवरच चालत राहिली. ओळख ज्याला असते त्याला कागद नसला तरी चालतं. कागदाची गरज असते ती ओळख नसलेल्याला. दाखल्याच्या बाजूनं मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो, आणि गंमत म्हणजे चर्चेत तो कधी येतच नाही.

मग काम बदललं. आमच्या उद्यमनगरचं पोट ऑइल इंजिनावर होतं. नदीकाठच्या उसाला पाणी उचलायचं ते इंजिनावर, गुऱ्हाळाचा घाणा फिरायचा तोही इंजिनावर. शेतीपंपाला वीज पोचत गेली तशी इंजिनाची मागणी बसत गेली आणि शेडं पोटापाण्यासाठी दुसरीकडं वळली: मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे सुटे भाग. शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. धंदा वाढला. गाव जगलं. पण इंजिन करणाऱ्या शेडात पोरगा कास्टिंग आल्यापासून टेस्टिंगला इंजिन धडधडेपर्यंत सगळं बघत होता. सुट्या भागाच्या कारखान्यात तो एकच भाग बघतो, आणि कित्येकदा त्या भागाचंही एकच ऑपरेशन. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर सेटर वेगळा, ऑपरेटर वेगळा. ऑपरेटरनं जॉब लावायचा, दार लावायचं, बटण दाबायचं, जॉब काढायचा, गेज लावायचा. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या प्रेसवर बोटं गमावलेली माणसं मी बघितली आहेत आणि आजची अचूकता तेव्हा स्वप्नात नव्हती. तरी एवढं खरं, की सहा वर्षं असं काम केलेल्या पोराला विचारलं, "काय येतं तुला?" तर तो म्हणतो, "मशीन चालवतो." त्याला त्याहून बरंच जास्त येत असतं. टूल झिजल्याचं आवाजावरून कळतं, झिजेच्या भरपाईला ऑफसेट किती द्यायचा याचा अंदाज असतो, कुठल्या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी निघणार हे हातात घेतल्यावर समजतं. पण हे सांगायला शब्द नाहीत आणि त्याच्या वतीनं सांगणारा मेस्त्रीही उरला नाही. सुपरवायझर आहे, पण तोच बिचारा दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो.

माझं अक्षर बरं म्हणून पुढं मला एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात बसवलं आणि निवृत्तीपर्यंत मी तिथंच राहिलो. त्या खुर्चीवरून कामगार जगताचं स्थित्यंतर फार स्वच्छ दिसतं, कारण ते मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर दिसतं. सुरुवातीला एक मस्टर होतं. मग दोन झाली, कायम आणि ठेकेदार. मग ठेकेदाराची चार झाली आणि कायमचं मस्टर वर्षागणिक पातळ होत गेलं. वर्षात 240 दिवस भरले की माणूस कायमपणावर हक्क सांगू शकतो, हे सगळ्यांना माहीत. म्हणून त्याआधीच 'ब्रेक' यायचा. ब्रेक म्हणजे माणूस काही दिवस घरी, आणि मग त्याच गेटातून, त्याच यंत्रावर, पण कार्डावर दुसऱ्या ठेकेदाराचं नाव.

याचा परिणाम मला निवृत्तीनंतर जास्त कळला. आता सकाळी ओळखीतली माणसं प्रॉव्हिडंट फंडाची कागदपत्रं घेऊन माझ्याकडं येतात. फंडाला 2014 पासून एकच नंबर आला, यूएएन, आणि त्यावर मागचा सगळा सेवाकाळ दिसायला हवा. दिसतो ते बघा. एकाच गेटातून उमेदीची सगळी वर्षं आत गेलेल्या माणसाच्या खात्यात चार-पाच आस्थापना दिसतात, आणि त्यात ती कंपनी कुठंच नसते. ठेकेदारांची नावं असतात. त्यातले दोघे धंदा गुंडाळून गेलेले, एकानं काम सोडल्याची तारीखच भरलेली नाही. बापाचं नाव फंडात दत्तू, आधारला दत्तात्रय. जुन्या नंबराचे पैसे दर वेळी नोकरी सुटली की काढून घेतलेले. पेन्शनचे पैसे काढायचा 10सी फॉर्म भरताना पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि त्यानं सेवेची वर्षं जपली जातात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 1995 च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस समोर बसलेला असतो, काम पंचवीस वर्षं केलेलं असतं आणि कागदावर सात वर्षं भरतात. बरं, वीसपेक्षा कमी माणसांच्या शेडात उमर गेली असेल तर ही सातही नाहीत, कारण तिथं फंडाचा कायदा सहसा लागूच होत नाही.

आणि समजा फंडाची नोंद चोख आहे. तरी तिच्यात माणूस कुठं आणि कधी होता एवढंच असतं. तो मोल्डर होता की झाडूवाला होता, हे त्यातून कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. 'एवढी माहिती ठेवायची कुणी, आमच्याकडं माणसं कुठं आहेत' असं कारखानदार म्हणतात. माहिती ठेवलेली आहे. शॉप फ्लोअरवरच्या बोर्डाकडं बघा, तिथं स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो. डाव्या बाजूला माणसांची नावं, वर ऑपरेशनची नावं आणि चौकटींत गोल. पाव भरलेला गोल म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ग्राहक कंपनीचा ऑडिटर यायचा असला की हा तक्ता ताजा केला जातो. प्रशिक्षणाच्या नोंदी, सह्यांसकट, फाईलला असतात. आणि बऱ्याच ठिकाणी त्यात ठेकेदाराची माणसंही असतात, कारण 'यंत्रावर उभा असलेला माणूस प्रशिक्षित आहे का' हे विचारताना ऑडिटर तो कुणाच्या मस्टरवर आहे याची फिकीर करत नाही. म्हणजे त्या माणसाला काय येतं याचा पुरता लेखाजोखा कारखान्यात तयार आहे. तो ग्राहकाला दाखवला जातो. ज्याच्याबद्दल आहे त्याला मात्र काम सोडताना त्याची प्रत मिळत नाही, आणि पुढच्या कारखान्यात तो पुन्हा हेल्परच्या दरानं लागतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? कायम कामगारासाठी आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नियमांत, सेवेच्या दाखल्याची तरतूद फार जुनी आहे. कंत्राटी कामगारासाठीही होती. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली केंद्रानं 1971 साली नियम केले. त्यांत काम कुठल्याही कारणानं संपलं तरी ठेकेदारानं सेवेचा दाखला द्यायचा, असं लिहिलं होतं. त्याचा नमुनाही छापलेला होता. इतकी वर्षं टाइम ऑफिसात काढून मी तो दाखला कुणा कामगाराच्या हातात बघितला नाही. इन्स्पेक्टर रजिस्टरं तपासायचा, दाखल्याचं कधी विचारायचा नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. नेमणूकपत्र सगळ्यांना देणं सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट. पण नेमणूकपत्र आत येतानाचा कागद आहे. बाहेर पडतानाचं काय? त्या चारांतल्या व्यवसाय सुरक्षा संहितेच्या 56व्या कलमात कंत्राटी कामगाराच्या अनुभव दाखल्याची सोय आहे, त्यानं केलेल्या कामाच्या तपशिलासह. वाचताना बरं वाटतं. फक्त हा दाखला ठेकेदारानं मागणी झाल्यावर द्यायचा आहे. शिवाय कंत्राटी कामगारांचं हे प्रकरण पन्नास किंवा जास्त कंत्राटी माणसं असतील तिथंच लागू होतं. 1970 च्या मूळ कायद्यात हा आकडा वीस होता. स्थायी आदेशांची मर्यादाही आता तीनशे कामगारांवर गेली. आमच्या वसाहतींतली कितीतरी शेडं या सगळ्या आकड्यांच्या खालीच राहतात.

पूर्वी न मागता द्यायचा होता तेव्हा दिला नाही, आता मागितल्यावर द्यायचा आहे. मागणार कोण? ओडिशातून, बिहारमधून आलेला, फौंड्रीच्या खोलीत आठ जणांत राहणारा पोरगा ठेकेदाराला म्हणणार की साहेब, 56व्या कलमाप्रमाणे माझा दाखला काढा? त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार अजून ठेकेदाराकडं असतो. तो पगार मिळाला की गाडी पकडायची, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. कायम कामगार हिशेब घेताना युनियनचा माणूस शेजारी बसवतो, याच्या शेजारी कुणी नसतं.

मालकांच्या हरकती मी जवळून ऐकल्या आहेत आणि त्या सगळ्या बहाण्याच्या नाहीत. पहिली म्हणजे दाखला हातात आला की पोरगा शेजारच्या शेडात पाचशे जास्त मिळतात म्हणून जाईल. जाईल. आताही जातोच, व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला की जातो. दुसरी हरकत जास्त खरी आहे. कंपनीच्या लेटरहेडवर कंत्राटी माणसाला दाखला दिला की उद्या तो कोर्टात उभा राहून म्हणेल, बघा, मी यांचाच कामगार होतो. ही भीती पोकळ नाही, असे दावे होतात. पण ती घालवण्याचा उपाय सरकारच्या हातात आहे. संहितेनं दाखल्याचा नमुना ठरवण्याचं काम सरकारवर सोपवलं आहे. 'हा दाखला केवळ केलेल्या कामाबाबत असून त्यावरून मालक-कामगार नातं ठरणार नाही' अशी एक ओळ नमुन्यात टाकता येते. कामगार चळवळीतले माझे मित्र या ओळीवर भडकतील, हे मला ठाऊक आहे. कायमपणाची लढाई त्यांनी जरूर लढावी, ती वेगळी आहे. ती जिंकेपर्यंत माणसाला पुढच्या दारात दाखवायला काहीतरी हवं.

तिसरी हरकत कामगारांकडूनच येते. "फंड कापू नका, हातात द्या" म्हणणारी पोरं मी शेकड्यानं बघितली. नोंद म्हणजे कपात, असं त्यांच्या मनात बसलंय. त्यांना दोष कसा द्यायचा? कापलेला पैसा परत मिळवताना बापाचे झालेले हाल त्यांनी घरात बघितलेत. दाखल्याला मात्र एक रुपया कपात नाही.

आणि खोट्या दाखल्यांचं काय, असं विचारतील. खोटे दाखले आताही मिळतात, लेटरहेड छापून. खरे दाखले सर्रास निघू लागले आणि यूएएनशी जोडले गेले, तर खोटा लगेच उघडा पडेल.

मी कारखान्यातला माणूस, म्हणून उदाहरणं कारखान्यातली दिली. पण जिल्ह्यात हेच सगळीकडं आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. 2025 मध्ये प्राडानं मिलानमध्ये तसल्या चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा आम्ही सगळे खवळलो, आणि खवळायलाच हवं होतं. पण चपलेची वेणी घालणारी, पट्टा शिवणारी बाई घरी बसून नगावर काम करते आणि तिच्या कामाची नोंद असलीच तर व्यापाऱ्याच्या वहीत, जोड्यांच्या आकड्यात. चपलेचं मूळ गाव कोर्टात सिद्ध करता येतं. त्या बाईला बँकेत साधं कर्ज मागताना 'व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहावं लागतं. हुपरीत चांदीच्या कामात आणि इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या बायकांचं वेगळं नाही. ऊसतोड मजुरांचं तर विचारूच नका. बीडहून आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, मुकादमानं किती उचल दिली ते वहीत पैशापैशानं लिहिलेलं असतं, हंगामात किती टन ऊस तोडला याचा कागद त्याच्याकडं राहत नाही. असंघटितांसाठी 2021 मध्ये ई-श्रम आलं. त्यात कामाचा प्रकार नोंदवता येतो, पण तो माणसानं स्वतः सांगायचा. ज्याच्यासाठी काम केलं त्यानं 'होय, हा माझ्याकडं होता आणि हे करत होता' असं म्हणण्याची जागा तिथं नाही.

सरकारनं नमुना ठरवावा, 'मागणी केल्यावर' ही अट काढावी, आकड्यांची मर्यादा दाखल्यापुरती तरी उठवावी. याला वेळ लागेल. पण कोल्हापूरला थांबायचं कारण नाही. इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, तिन्ही कारखानदारांच्याच संघटना. एकत्र येऊन त्यांनी एक पानाचा नमुना केला तर उद्यापासून चालू करता येईल. कामाच्या तारखा, केलेली ऑपरेशन्स, यंत्रांची नावं, मॅट्रिक्समधले गोल जसेच्या तसे, घेतलेली प्रशिक्षणं. 'वर्तन चांगले' ही ओळ नको, तिचा उपयोग फक्त धमकी द्यायला होतो. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही, कारण ओडिशातला पोरगा पुढं राजकोटला जाणार आहे. शेवटच्या पगाराबरोबर हातात द्यायचा. आणि सही ज्याच्या गेटातून माणूस आत जात होता त्याची हवी. ठेकेदाराची चालणार नाही, पुढच्या वर्षी तो कुठं असेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं.